आई, तुझे जोडवर्ग आणि माझे
28 मार्च 2021

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर आई तू म्हणालीस ना, की मी बावीस वर्षं जोडवर्ग सांभाळला, तिसरी या भिंतीला आणि चौथी त्या भिंतीला, तुझं त्यात काय एवढं. तेव्हा मी हसून विषय बदलला, पण ते डोक्यातून गेलं नाही. कारण मागच्या ऑगस्टमध्ये कोरोनामुळे इथे अमेरिकेत माझ्या शाळेने सांगितलं की अर्धी मुलं वर्गात आणि अर्धी झूमवर, एकाच तासाला, एकाच टीचरकडे, तेव्हा मी पण ह्यांना अगदी हेच म्हणाले होते, आईने आयुष्यभर हेच केलंय, मला काय जड जाणार. आता मार्च संपत आला, आणि अजून मी रोज शेवटच्या तासाला पार गळून जाते.

आधी नीट सांगते काय असतं ते. सहा फूट अंतराचा नियम, त्यामुळे माझ्या खोलीत बाराच बाकं. सोमवार-मंगळवार एक गट येतो, गुरुवार-शुक्रवार दुसरा, बुधवारी सगळेच घरी आणि शाळेची साफसफाई. शिवाय काहीजण वर्षभर घरूनच शिकणारे. (19 तारखेला सीडीसीने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, शाळांसाठी सहाचे तीन फूट केले, मास्क लावून, म्हणजे आता परत बाकं सरकवणार, परत गट बदलणार, परत नवीन टाइमटेबल, असो.) माझ्या टेबलावर दोन लॅपटॉप असतात, एकावरून मी शिकवते आणि दुसऱ्यावरून विद्यार्थी म्हणून स्वतःच्याच वर्गात बसते, नाहीतर घरच्यांना नेमकं काय दिसतंय ते कळतच नाही. हा दुसरा लॅपटॉप येईपर्यंत एकदा मी पंधरा मिनिटं फॅक्टरायझेशन शिकवलं आणि झूमवर तोवर माझा ईमेलचा इनबॉक्स दिसत होता, कोणी एक शब्द बोललं नाही!

फळ्यावर लिहिलं तर कॅमेऱ्यात नुसती चकाकी, म्हणून टॅबलेटवर लिहायचं. मग वर्गातली मुलं पण मान खाली घालून आपापल्या क्रोमबुकमध्येच बघतात, म्हणजे मी समोर उभी आणि ती मला स्क्रीनवर बघतायत. त्यात एखाद्याने स्पीकर चालू ठेवला की माझाच आवाज माझ्या माइकमध्ये शिरून अशी काही शिट्टी वाजते की सगळे कान धरतात. हवा खेळती राहावी म्हणून खिडक्या उघड्या, जानेवारीत आम्ही जॅकेट घालून बीजगणित केलं. मास्कमधून ओरडून ओरडून घसा गेला तो वेगळाच.

पण आई, हे सगळं सवयीचं होतं गं. खरं अवघड दुसरंच आहे आणि तेच तुला सांगायचं होतं. तुझे दोन्ही वर्ग तुला दिसायचे. चौथीकडे तोंड केलंस की तिसरी गलका करायची, आणि त्या गलक्यावरूनच तुला कळायचं की गणितं संपली, आता काहीतरी नवीन द्यायला हवं. माझी झूमची बाजू गप्प असते. चौदा काळे चौकोन आणि त्यावर नावं. कॅमेरा लावाच अशी सक्ती करायची नाही असा आमच्याकडे नियम आहे, आणि तो मला पटतो पण, एक मुलगा धाकट्या भावंडांना सांभाळत शिकतो, त्याच्या घरात डोकवायचा मला काय हक्क. पण मग समजलंय म्हणून गप्प आहेत, झोपलेत, की नेटच गेलंय, काही म्हणजे काही कळत नाही. मी प्रश्न विचारते, दहा सेकंद थांबते, तोवर वर्गातला कोणीतरी उत्तर देऊन मोकळा. समोरच्या चेहऱ्याकडे आपण ओढले जातोच. दिवसाच्या शेवटी हिशोब केला तर वर्गातल्यांना माझं अर्धं लक्ष मिळालेलं असतं आणि घरच्यांना पाव, उरलेलं लॅपटॉपने खाल्लं.

ऑक्टोबरमधलं एक सांगते, तेव्हा सांगितलं नव्हतं. फायर ड्रिलची घंटा वाजली, सवयीने मी बारा मुलांना रांगेत घेऊन बाहेर मैदानावर गेले. परत आले तर चॅटमध्ये मेसेज, मिस तुम्ही कुठे गेलात, मिस आग लागलीय का, मिस ठीक आहात ना. आणि नऊजण अजून तिथेच, वीस मिनिटं रिकामी खोली बघत बसलेले! मी त्यांना साफ विसरले होते. त्या दिवशी गाडीत बसून रडले, आता हसू येतं पण तेव्हा नाही आलं.

हां, एक गोष्ट मात्र चांगली झाली. एक मुलगी आहे, सहा महिन्यांत तिचा आवाज मी ऐकलेला नाही, पण फक्त मला दिसेल असा चॅट करून ती इतके नेमके प्रश्न विचारते की दोनदा तिच्यामुळे माझी चूक सापडली. वर्गात असती तर शेवटच्या बाकावर गप्प बसली असती हे मला पक्कं माहितीये. हल्ली मी वर्गातला एक आणि घरचा एक अशा जोड्या लावते, म्हणजे घरच्याचं नेट गेलं तरी निदान एकाला तरी ते कळतं.

माझ्या लशीचा पहिला डोस झाला, 2 मार्चला बायडननी शिक्षकांना प्राधान्य द्या म्हटल्यावर पटकन नंबर लागला. बाबा, तुमच्या कोविशील्डचा दुसरा डोस आता सहा ते आठ आठवड्यांनी म्हणतायत ना, तारीख नीट विचारून घ्या आणि तोवर फिरू नका, तिकडचे आकडे बघून मला धडकी भरते. आणि फोन करताना लक्षात ठेवा, 14 तारखेपासून इथलं घड्याळ एक तास पुढे गेलंय, परवा तुम्ही केलात तेव्हा माझा दुसरा तास चालू होता आणि सव्वीस मुलांनी तुमचा फोटो पाहिला.

आई, तुझी जुनी टाचणवही आहे का गं अजून? तिसरी-चौथीचे दोन रकाने करून तू लिहायचीस, एकाला काम दिलं की दुसऱ्याला किती मिनिटं शिकवायचं ते मधल्या रेघेवर लिहिलेलं असायचं असं मला आठवतंय. त्याची दोन-चार पानं पाठव. फोटो बाबांना काढू दे, तुझा अंगठा येतो.

तुमची,
छकुली