भोपळेवाल्यांबरोबर अकरा दिवस

खारघर, 2 नोव्हेंबर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगणार होते. पण बाबा 'हं' म्हणून फोन आईकडे देतात, आई जेवलीस का विचारते आणि मुद्दा राहून जातो. म्हणून पत्र. माझी रजा मंजूर झाली आहे. 10 तारखेपासून अकरा दिवस मी तुमच्या 'भोपळेवाल्यां'बरोबर, म्हणजे माझ्या वीणेच्या गुरुजींबरोबर, जाणार आहे. आधी ठाणे, मग पुणे, सातारा, कोल्हापूर, धारवाड. सगळी कॉलेजं. ते त्यांची दोन भोपळ्यांची रुद्रवीणा वाजवणार, मी मागे तानपुरा धरणार.

आई, "या वयात?" म्हणालीस ते मी मनाला लावून घेतलेलं नाही. थोडं घेतलं, पण असू दे.

पैशाचं आधीच सांगते, कारण बाबा विचारणारच. मला काही मिळणार नाही. गुरुजीही नावापुरतं मानधन घेतात. दिल्लीच्या आयआयटीतल्या किरण सेठांनी 1977 साली स्पिक मॅके, ही मुलांपर्यंत शास्त्रीय संगीत नेणारी चळवळ, सुरू केली, तेव्हापासून किती मोठे कलाकार असे कॉलेजांमधून, मुलांसमोर सतरंजीवर बसून वाजवत आले आहेत. मला वीणा भेटली तीसुद्धा अशीच, फुकटात.

तेव्हा मी सेकंड इयरला होते. प्रॅक्टिकल चुकवून हॉलमध्ये जाऊन बसले होते. गुरुजींनी आधी पंखे बंद करायला लावले. वीणेचा आवाज इतका खालचा की खर्जाची तार पंख्याच्या घरघरीत बुडून जाते. आलाप सुरू झाला आणि वीस मिनिटांत अर्धी मुलं पसार. दार सारखं करकरत होतं. मी थांबले ती भक्ती म्हणून नव्हे, मधल्या रांगेत अडकले होते म्हणून. मग एक सूर असा आला की तो कानाआधी फरशीवर टेकलेल्या तळहाताला कळला. शेवटी आम्ही चाळीसेक जण उरलो असू. पण तीनशे मुलांसाठी वाजवायला बसले होते, तसेच ते शेवटपर्यंत वाजवत राहिले. त्या रात्री उशीर झाला म्हणून बाबा चिडले होते आणि मी लोकल रखडली असं सांगितलं होतं. लोकल वेळेवर होती, बाबा.

रविवारी मी ठाण्याला न येता पनवेलला पळते, याचा तुम्हाला राग आहे हे मला कळतं. पण रुद्रवीणेचे मोठे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागरसाहेबांचं गुरुकुल इथे पळस्प्यालाच, खारघरहून किती जवळ! वीणेची दांडी जाड आणि भोपळे मोठे करून घेतले तेही त्यांनीच, नाद लांबवर टिकावा म्हणून. ते 1990 सालीच गेले, आपल्याला पत्ताही नव्हता. आमचे गुरुजी त्याच वाटेवरचे. मी अजून बालवाडीत आहे, पण त्यांच्या मागे बसायला मिळतंय. मागच्या वर्षी आईच्या दवाखान्यामुळे मी नाही म्हणाले होते. त्याचं मला काही वाटलं नाही, खरंच. यंदा मात्र नाही म्हणवलं नाही.

आई, भरवताना तू 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' म्हणायचीस आणि 'टुणूक'ला घास तोंडात घालायचीस, आठवतं? आता भोपळ्यात बसून लेकच निघाली. (तुला म्हातारी म्हटलेलं नाही.) बाबा, माझा तानपुरा मिरजेत घडलेला आहे आणि त्याचा भोपळा पंढरपूरकडचा. निदान त्या नात्याने तरी त्याला डबडं म्हणू नका.

आता नीट ऐका. डबा दोन्ही वेळचा सांगितला आहे, आईच्या भाजीत मीठ कमी. गोळ्या वारांच्या डबीत भरून ठेवल्या आहेत, निळी सकाळी जेवणाआधी. सिलेंडर बुक केला आहे. बाबा, हयातीच्या दाखल्याला महिनाअखेरपर्यंत मुदत असते, रिक्षा करून एकट्याने बँकेत जाऊ नका, मी आल्यावर जाऊ. तलावपाळीला उजाडल्यावरच जायचं, काठी घेऊन. ती दाराआड ठेवायला आणलेली नाही. आणि काही झालं तर मला त्याच दिवशी कळवा. बाथरूमचा प्रकार चार दिवसांनी काकूंकडून कळला, तसं पुन्हा नको. कार्यक्रम चालू असला तरी फोन करा. मी उठून येईन, तानपुरा धरायला दुसरी मुलगी आहे.

पहिला कार्यक्रम ठाण्यातच आहे, 10 ला संध्याकाळी पाचला. सगळे खाली बसतात, पण मागे भिंतीलगत दोन खुर्च्या मी सांगून ठेवल्या आहेत, आईचे गुडघे बघता. पंखे बंद असतील, तेव्हा सुती साडी नेस. बाबा, खडीसाखर तोंडात धरूनच बसा. आलापात तुम्ही खोकलात तर मला मागे वळून बघता येणार नाही.

तुमची,
चिमी