पंख्याच्या थरथरीची नोंद कुठे छापायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पैसे घेऊन शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकांबद्दल आपल्याकडे आलेली बातमी वाचली. त्यावर प्राध्यापक मंडळी लिहितीलच. मी प्राध्यापक नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात एकतीस वर्षे मेंटेनन्सला होतो. शेवटची अकरा वर्षे माझ्याकडे मुख्यतः एकच काम होते: यंत्रांची व्हायब्रेशन मोजायची, कारण शोधायचे आणि ती कमी करायची. या विषयातले संशोधन कुठे छापले जाते आणि कुणापर्यंत पोचते, याचा अनुभव मी घेतला आहे, म्हणून हे पत्र.

२०१८-१९ च्या सीझनची गोष्ट. बॉयलरचा धूर ओढून चिमणीत सोडणारा आमचा आय.डी. फॅन पूर्वी ९८० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ९८० फेऱ्यांनी, चालायचा. वीज वाचावी म्हणून त्याला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण, बसवला आणि पंखा ७८० च्या आसपास चालू लागला. आठवड्याभरात बेअरिंगवर आडव्या दिशेने सेकंदाला १४ मिलिमीटर व्हायब्रेशन दिसू लागली. असल्या यंत्राला ७ च्या पुढे काळजी आणि ११ च्या पुढे धोका धरतात. बाहेरून माणूस बोलावून इम्पेलर, म्हणजे पंख्याचे पात्यांचे चाक, बॅलन्स केला: वजन सगळीकडे सारखे करून घेतले. दहा दिवसांत आकडा पुन्हा तिथेच. असे तीनदा झाले. ट्रायल वेट, म्हणजे चाचणीचे वजन, लावले की फेज, म्हणजे हादरा फेऱ्याच्या कोणत्या कोनावर येतो ते, कुठच्या कुठे उडायची, हिशेब जुळायचा नाही. प्रत्येक वेळी गाळप मंदावायचे, आणि गेटबाहेर उसाच्या गाड्यांची रांग वाढायची.

आमचा एक जुना फिटर होता. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक प्लमर ब्लॉकवर, म्हणजे बेअरिंगच्या घरावर, आणि मूठ कानाला लावून बेअरिंग ऐकणारा. तो तिसऱ्या बॅलन्सिंगनंतर म्हणाला, "सायब, स्पीड वाढवला की थरथर कमी येतीया. साडेआठशेच्या वर पंखा गप ऱ्हातोय." मी ते ऐकले आणि सोडून दिले. वेग वाढला की हादरा वाढणार, हे माझ्या डोक्यात पक्के होते. वास्तविक आडवी व्हायब्रेशन १४ आणि उभी फक्त ४, एवढी तफावत दिसत असताना मला आधीच शंका यायला हवी होती. नुसता अनबॅलन्स असता तर दोन आकड्यांत इतके अंतर पडले नसते.

पुढच्या आठवड्यात नो-केनमुळे, म्हणजे ऊस न आल्याने, सहा तास बंद मिळाला. पंखा थांबवून पेडेस्टलला, म्हणजे बेअरिंगखालच्या आधाराला, सेन्सर लावला आणि लाकडी मोगरीने आडवा ठोका मारला. ॲनालायझरवर शिखर आले ते १३ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला १३ कंपनांना. ७८० भागिले ६० म्हणजे १३. पेडेस्टलची स्वतःची लय आणि पंख्याचा वेग एकमेकांवर येऊन बसले होते. रेझोनन्स. अशा ठिकाणी वेग चार-पाच आरपीएमने हलला तरी फेज बदलते, मग बॅलन्सिंगचा हिशेब कसा जुळणार? बेसप्लेटवर हातोडीने टकटक केली तर एका कोपऱ्यात पोकळ आवाज आला. ग्राउट, म्हणजे बेसप्लेटखाली भरलेला मसाला, खालून सुटला होता. उरलेला सीझन आम्ही व्हीएफडीत ७४० ते ८२० हा पट्टा वगळून काढला. ऑफ सीझनला फौंडेशन बोल्ट घट्ट केले, इपॉक्सी ग्राउट भरला आणि पेडेस्टलला गसेट, म्हणजे आधाराच्या त्रिकोणी पट्ट्या, मारले. पुन्हा ठोकून पाहिले तर शिखर १९ हर्ट्झवर गेले होते. पुढच्या सीझनला पंखा ३ मिलिमीटरवर चालला.

२०२० मध्ये लॉकडाउनला घरी बसून मी हे सगळे लिहून काढले. इंग्रजीत नऊ पाने, आलेख, आकड्यांचे तक्ते. आधी एका नावाजलेल्या नियतकालिकाकडे पाठवले. सात महिन्यांनी उत्तर आले की यात नवा सिद्धांत नाही. ते खरे होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मग दुसरीकडून ई-मेल आला: आपला निबंध स्वीकारला आहे, साडेचार हजार रुपये भरा. पाठवून दोन दिवसही झाले नव्हते. एक शब्द बदलायला सांगितला नव्हता. मला बरे वाटायला हवे होते, पण निबंध पुन्हा वाचताना माझ्याच अंगावर काटा आला. मुख्य तक्त्यात १३ हर्ट्झच्या जागी टायपिंगमध्ये ३१ पडले होते. सगळा निबंध ज्या एका आकड्यावर उभा होता तोच उलटा, आणि तपासणाऱ्यांपैकी कुणालाही तो दिसला नव्हता. मी पैसे भरले नाहीत, निबंध मागे घेतला. तो आकडा तसाच छापला गेला असता आणि कुणी त्यावर विसंबून गसेट मारले असते तर?

हे फक्त आपल्याकडे होते असे नाही. व्हायब्रेशन आणि तिचे नियंत्रण याच विषयाला वाहिलेले 'जर्नल ऑफ व्हायब्रेशन अँड कंट्रोल' हे मोठ्या प्रकाशनसंस्थेचे नियतकालिक आहे. जुलै २०१४ मध्ये त्याने एकदम ६० निबंध मागे घेतले. तैवानमधल्या एका प्राध्यापकाभोवतीच्या साखळीने खोट्या नावांनी आणि खोट्या ई-मेल पत्त्यांनी निबंध तपासणारे परीक्षक उभे केले होते. असे १३० पर्यंत पत्ते निघाले. काही निबंधांवर तैवानच्या शिक्षणमंत्र्यांचे नाव सहलेखक म्हणून होते. आपला त्यात संबंध नाही असे ते सांगत होते, तरी त्यांनी पद सोडले. ज्या आकड्यांवर यंत्रे चालतात ते कुणीच तपासत नसेल, तर परीक्षक कशाला म्हणायचे?

खोट्या निबंधांची चर्चा होते, ती व्हावीच. माझे दुखणे मात्र वेगळे आहे. खरी माहिती ज्याला हवी त्याच्या भाषेत आणि त्याच्या हातात पडेल अशा ठिकाणी छापली जात नाही. आमच्या फिटरचे वाक्य मला पुढे एका जुन्या हकिकतीत भेटले. १८६९ साली रँकिन या मोठ्या स्कॉटिश अभियंत्याने मांडले की फिरणारा शाफ्ट, म्हणजे यंत्राचा दांडा, ठरावीक वेगाच्या पुढे नेताच येणार नाही. त्यांचा दबदबा एवढा, की पुढची कित्येक वर्षे इंग्रजी वाचणारे अभियंते तेच धरून बसले. स्वीडनमध्ये द लावाल या अभियंत्याची वाफेची टर्बाइन १८८९ पासून बारीक, लवचीक शाफ्टवर मिनिटाला ३०,००० फेरे घेत त्या वेगाच्या खूप वर शांत चालत होती. ती का शांत चालते याचे गणित ऑगस्ट फॉप्ल या जर्मन अभियंत्याने १८९५ मध्ये जर्मन भाषेत, एका स्थापत्याच्या नियतकालिकात छापले. ज्यांना ते हवे होते त्यांनी ते वाचलेच नाही. शेवटी १९१९ साली जेफकॉट या अभियंत्याने इंग्रजीत लिहिले तेव्हा वाद मिटला. मध्ये चोवीस वर्षे गेली. त्यांचा प्रश्न शाफ्टचा होता, आमचा पेडेस्टलचा, पण गाभा तोच: लयीच्या पलीकडे गेले की यंत्र शांत होते. "साडेआठशेच्या वर पंखा गप ऱ्हातोय."

केंद्र सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना आणली. ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. १ जानेवारी २०२५ पासून सरकारी शिक्षणसंस्थांना आणि संशोधनसंस्थांना ती खुली झाली. फार चांगले झाले. पण साखर कारखान्याचा मेंटेनन्स विभाग त्यात बसत नाही. एमआयडीसीतला बॅलन्सिंग करणारा माणूस बसत नाही. तो आजही एका निबंधासाठी हजारो रुपये मोजू शकत नाही, आणि मोजले तरी त्या इंग्रजीतून त्याला हवी ती ओळ सापडायला रात्र जाते.

मी शेवटी काय केले ते सांगतो. ती नऊ पाने मराठीत चार पानांत बसवली. बेअरिंग, ग्राउट, फेज हे शब्द आम्ही बोलतो तसेच ठेवले. पन्नास झेरॉक्स काढून आजूबाजूच्या कारखान्यांत दिल्या. महिन्याभराने कोल्हापूरकडच्या एका कारखान्यातून फोरमनचा फोन आला. त्यांनी पाने बारकाईने वाचली होती. म्हणाले, "तुम्ही बोल्ट घट्ट केले, ग्राउट भरला, गसेट मारले, आणि मग एकदाच ठोकून बघितलं. प्रत्येक कामानंतर वेगवेगळं का नाही ठोकलं? कशानं किती फरक पडला हे कळणार कसं?" मी गप्प झालो. एवढा नेमका प्रश्न मला सात महिने वाट पाहूनही कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःच्या पंख्याला तसे टप्प्याटप्प्याने ठोकून पाहिले. त्यांच्याकडे नुसते बोल्ट घट्ट केल्यावर शिखर दोन हर्ट्झ सरकले होते. आता दोन कारखान्यांचे आकडे एका कागदावर आहेत.

हे काम झेरॉक्सवर चालायला नको. १९२० साली आमच्याच जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघाली, तेव्हा कारखान्याची गोष्ट मराठीत सांगता येते हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झाले. आज जिल्ह्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, दरवर्षी शेकडो मुले शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट करतात. त्यातल्या दहा मुलांनी दहा कारखान्यांतली एकेक बिघाडाची हकिकत नीट मोजून मराठीत लिहावी. फसलेले उपायसुद्धा लिहावेत, कारण आमची तीन फुकट बॅलन्सिंग दुसऱ्याची वाचली पाहिजेत. कच्चे आकडे जोडावेत: कुठे सेन्सर लावला, किती आरपीएमला, आडवे किती, उभे किती, फेज किती. तपासायला एक प्राध्यापक आणि एक फिटर असे दोघे असावेत, आणि दोघांचीही नावे खाली छापावीत. विद्यापीठाने अशा नोंदीला निबंधाइतके गुण द्यावेत.

माझ्याकडे अकरा सीझनच्या वह्या आहेत. त्यात पंखे, पंप, सेंट्रिफ्यूगल, मिल टर्बाइन, सगळ्यांची रीडिंग तारखेसह आहेत. चुकलेले निदानही खोडलेले नाही. कुणा महाविद्यालयाला हव्या असतील तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, मी स्वतः आणून देईन. येत्या सीझनचे बॉयलर पेटायच्या आधी कळवले तर मुलांना बंद पंख्याला ठोकून बघायलाही मिळेल.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स इनचार्ज, जि. सांगली
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, कृपया छापू नये.)