मुंबई ते लंडन: तिकिटावर साडेचार तास, प्रवास दहा तासांचा

ती. आई-बाबांना
सा. न. वि. वि.

तिकिटं काढली, थेट विमानाची. तुम्हाला न विचारता काढली याची रुखरुख आहे. पण मध्ये विमान बदलायचं तर पंधरा-सोळा तास जातात, आणि अनोळखी विमानतळावर बाबांचे गुडघे, आईची धावपळ... नकोच ते. पैशांचा विषय काढू नका.

बाबा, निघायची वेळ दुपारी 1, पोचायची संध्याकाळी 5.30 बघून दचकू नका. दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. मार्चच्या सुरुवातीला इथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे प्रवास दहा तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते तासभर पुढे सरकतं, म्हणून एप्रिलमधल्या परतीला साडेचारच तासांचा फरक धरा.

7,200 किलोमीटर भागिले ताशी 900, म्हणजे आठच तास, असं तुम्ही फोनवर म्हणालात. ॲटलासवर दोरा धरून अंतर मोजायला तुम्हीच तर शिकवलंत! तोच दोरा आता पृथ्वीगोलावर ताणा. इराण, काळा समुद्र, युक्रेन असा तो वर चढत जाईल. 7,200 हे त्या वाटेचं अंतर. पण युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहे, म्हणून वळसा पडतो. शिवाय तेवढ्या उंचीवर वारा पश्चिमेकडून येतो. समोरून ताशी 80 चा वारा असला की 900 चे 820 होतात. वळशासकट 7,700 धरा, झाले जवळजवळ साडेनऊ तास. उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यात आणि उतरल्यावर फाटकाशी लागण्यात जातो. तोही तिकिटात मोजतात. परतताना वारा पाठीशी असतो, तासभर सहज वाचतो.

आई, इन्सुलिन आणि सगळ्या गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेव, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. मोठी बॅग मागे राहू शकते, आणि खालच्या कप्प्यात इन्सुलिन गोठून वाया जाण्याची भीती असते. इकडे येताना दिवस साडेपाच तासांनी लांबतो, तेव्हा डोस कधी घ्यायचा हे याच आठवड्यात विचारून ये. स्वतःच्या मनाने ठरवू नकोस.

विमानातली हवा फार कोरडी असते. तहान नसली तरी दर तासाला थोडं पाणी प्यायचं. बाबा, कडेची जागा तुमची. दीड तासाने एक फेरी मारायची, बसल्या-बसल्या घोटे फिरवायचे; पाय लोंबकळत राहिले की सुजतात, रक्ताची गुठळी व्हायची भीती असते. घट्ट मोजे चालतील का, तेही डॉक्टरांना विचारा. विमान खाली यायला लागलं की चघळायची गोळी (औषधाची नव्हे) तोंडात ठेवा, कान दुखणार नाहीत. झोपून राहू नका तेव्हा.

चाकाची खुर्ची दोघांसाठी सांगून ठेवली आहे. तुम्हाला चालता येत नाही म्हणून नाही हो बाबा. रांगा लांब असतात, आणि खुर्चीबरोबरचा माणूस थेट माझ्यापर्यंत आणून सोडतो.

खोली उबदार आहे. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतलाय, आईची उशी मऊच आणली आहे. दाराशी मी उभी असेन.

तुमची,
चिमी