पहिल्या रांगेबद्दल

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन आधी तू ठेवलास की मी, यावर तुझ्या आईचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. जाऊ नकोस असं मला म्हणायचं नव्हतं. वस्तीतल्या लोकांना तयार करणार, मग ठिय्या देणार, हे ऐकल्यावर तोंडातून एकच निघालं, पंप घेतलास का. अश्रुधूर सोडला तर दम्याच्या माणसाला काय होतं हे... असो. त्यावर लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे. प्रशिक्षणाबद्दल लिहितो.

शिबिरापेक्षा त्याआधीच्या भेटी महत्त्वाच्या. एकेकाशी अर्धा-पाऊण तास, आणि त्यात बोलणं त्यांचं जास्त. 'तुम्हाला काय वाटतं?' असं विचारलंस तर लोक तुला बरं वाटेल तेच सांगतील. शेवटचं कधी चिडलात, तेव्हा काय केलंत, कुणाकडे गेलात, असं विचार. शेवटच्या प्रश्नाला एकच नाव चार घरांतून आलं, तर तो माणूस किंवा ती बाई शिबिरात हवीच. सभेत मोठ्याने बोलणारे बहुधा वेगळेच असतात. उठताना पुढचं एखादं लहान काम ठरवून ऊठ, नाहीतर नुसत्या गप्पा होतात. येतो म्हणणाऱ्यांतले निम्मेच येतील असं धर. आदल्या संध्याकाळी फोन जायला हवा, पण तुझा नव्हे, ज्याने बोलावलं त्याचा. तुझ्यावाचून चालायची सवय तिथपासून लागते.

मागणी एका वाक्यात मावली पाहिजे, आणि ती कुणाच्या सहीने मान्य होते हे सगळ्यांना पाठ हवं. 'न्याय द्या' या मागणीवर सही कोण करणार? मग जमिनीवर खडूने पाच पट्टे काढ: सक्रिय सोबती, मनाने सोबत असलेले, तटस्थ, मनातून विरोधात असलेले, उघड विरोधक. कोण कुठे बसतं ते लोकांनाच ठरवू दे. उघड विरोधकाला जिंकायच्या नादात पोरं दमतात. प्रत्येकाला एकेक पट्टा आपल्याकडे सरकवलं तरी पुष्कळ झालं.

आता सराव. दोन रांगा समोरासमोर, एक आंदोलकांची, एक अडवणाऱ्यांची. तीन मिनिटं शिवीगाळ, ढकलणं, मग रांगांची अदलाबदल. थांबायची खूण आधी ठरव, आणि ती कुणीही केली की सगळं तिथेच थांबलं पाहिजे. जिला खरोखर मार बसलेला आहे तिला मार खाणाऱ्याची भूमिका देऊ नकोस. नंतरची चर्चा सरावाहून लांब चालली पाहिजे. नवखे प्रशिक्षक इथेच चुकतात, वेळ संपला म्हणून जेवायला सोडतात. आधी हल्लेखोर झालेल्यांना बोलतं कर. ढकलताना मजा आली याची त्यांनाच भीती वाटलेली असते, आणि ती मनात ठेवून गेले तर प्रत्यक्षात तेच भडकतात.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारे जेम्स लॉसन नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात तीन वर्षं होते. परत गेल्यावर १९५९ मध्ये नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांकडून त्यांनी असाच सराव करून घेतला. काळ्यांना खायला न देणाऱ्या दुकानांतल्या काउंटरवर ती पोरं जाऊन बसायची. २७ फेब्रुवारी १९६० ला तिथे त्यांना मारहाण झाली, वर ऐंशीहून अधिक जणांना अटकही त्यांच्यातल्यांनाच. रिकाम्या झालेल्या स्टुलांवर पुढची तुकडी येऊन बसली. मागे कोण आहे हे ठरलेलं होतं म्हणून ते टिकलं. मिठाच्या सत्याग्रहातही तेच. मे १९३० मध्ये गांधींना पकडलं, अब्बास तय्यबजी पुढे आले. त्यांना पकडलं, सरोजिनी नायडू आल्या. म्हणून प्रशिक्षकाने पहिल्या रांगेत उभं राहू नये. तुला धरून नेलं तर दुसऱ्या दिवशीचं कोण बघणार? हे मी दम्यामुळे म्हणत नाही. बरं, त्यामुळेही म्हणतो.

तू चौथीत होतीस. शाळेच्या बसमध्ये एक पोरगा लहान मुलीची वेणी ओढत होता, तू जाऊन मध्ये उभी राहिलीस. हात उचलला नाहीस, बोललीही नाहीस. घरी आलीस तेव्हा छाती घरघरत होती आणि चेहरा असा की तुला जवळ घ्यावं की रागवावं, आईला कळेना. तिने दोन्ही केलं. मी अण्णांना ते कितीदा सांगितलं असेल.

भरकटलो. कामं वाटून दे: पोलिसांशी बोलणारा एक, पत्रकारांशी बोलणारा दुसरा, पाणी आणि प्रथमोपचार, लांबून वेळेसकट नोंदी ठेवणारे दोघे. शांतता राखणाऱ्या स्वयंसेवकांचं तोंड आपल्या लोकांकडे हवं, पोलिसांकडे नव्हे; दगड हातात येतो तो तिथेच दिसतो. वकिलाचा नंबर दंडावर पक्क्या शाईने, कारण मोबाईल काढून घेतात. डोळ्यांत लेन्स नको. अटक कोण पत्करणार हे ज्याचं त्याने ठरवावं, आणि नाही म्हणणाऱ्याला कुणी भित्रा म्हणू नये. घरी तान्हं मूल आहे, रोजची औषधं आहेत, श्वासाचा त्रास आहे, अशांनी मागची कामं घ्यावीत. हा नियम सगळ्यांसाठी असतो, तुझ्यासाठी मुद्दाम बनवलेला नाही.

परतायचं कसं हेही ठरवा. ते फार थोडे ठरवतात. महाडला २० मार्च १९२७ ला तळ्यावर पाणी पिऊन लोक परतले होते. मग वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि पांगलेल्या लोकांवर हल्ले झाले. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना शांत राहायला सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकलं. जोडीजोडीने निघा, वाट आधी चालून बघा, घरी पोचल्याचा निरोप एका ठरलेल्या माणसाकडे जाऊ दे. अफवा खरी की खोटी हे सांगणारा आवाजही एकच असावा.

उपदेश फार झाला, मला माहीत आहे. फोनवर तू म्हणालीस ना, 'बाबा, तिथल्या बायकांना माझ्याहून जास्त कळतं', तेव्हा मी गप्प झालो ते रागाने नव्हे. हे समजायला लोकांना वर्षं लागतात.

घरच्यांना कळवायचं काम ज्याच्याकडे असेल त्याला माझा नंबर दे. आईचा नको, ती फोन उचलायच्या आधीच रडेल. आणि पंप निळ्या बॅगेत ठेवू नकोस, बॅग कुणाकडेही जाते. खिशात एक, तुझ्या जोडीदाराकडे एक. तो कसा द्यायचा हे त्याला सरावाच्या दिवशीच दाखवून ठेव.

तुझा,
बाबा