गोंडोलाच्या तिकीटखिडकीपाशी एक फलक लावा : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय क्रीडामंत्री,
नवी दिल्ली

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी पुण्याची. शनिवार-रविवार सह्याद्रीत भटकणारी. बर्फाशी संबंध फ्रीजपुरताच. काही वर्षांपूर्वी हौसेनं गुलमर्गला स्कीइंग शिकायला गेले आणि पहिल्याच दिवशी सतरा वेळा पडले. मोजणी माझी नव्हे, आमच्या उस्तादांची. पन्नाशी उलटलेले गृहस्थ. सकाळी फेरनच्या (काश्मिरी झग्याच्या) आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, धरून यायचे, ती भाड्यानं स्की देणाऱ्या दुकानाच्या दारात ठेवायचे आणि मग दिवसभर माझ्या प्रत्येक पडण्याला मोठ्यानं नंबर द्यायचे. "पीछे मत बैठो मॅडम, ये सोफा नहीं है!" भीती वाटली की माणूस मागे रेलतो, आणि मागे रेललं की स्की पायाखालून निसटतात. अंग उताराच्या दिशेनं झोकायचं, तरच ताबा राहतो. हे नुसतं सांगून पटत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या स्कीची टोकं हातात धरली आणि स्वतः उलटे घसरत मला खालपर्यंत नेलं. अठराव्यांदा पडायचं राहिलं ते तेव्हा.

हे सगळं तुम्हाला सांगण्याचं कारण असं, की 'खेलो इंडिया'च्या हिवाळी स्पर्धा २०२० पासून गुलमर्गला होतात, त्यांच्या फलकांवर गोंडोला (गुलमर्गचा रोपवे) असतो, देवदार असतात, मान्यवरांचे हसरे चेहरे असतात. हा खेळ तिथे रुजवणारी माणसं मात्र मला त्या गावात कुठेही लिहिलेली दिसली नाहीत.

आणि माणसं काही थोडी नाहीत. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी १९२७ साली स्की क्लब ऑफ इंडिया काढला, तो साहेबांच्या हिवाळी करमणुकीसाठी. स्थानिकांच्या वाट्याला ओझी आली असणार, हे वेगळं सांगायला नको. जनरल थिमय्यांनी १९४८ मध्ये तिथे आपल्या १९ इन्फंट्री डिव्हिजनसाठी स्की शाळा सुरू केली. काश्मीरची लढाई बर्फात लढताना जे उणं पडलं ते भरून काढायची ही खटपट. तीच शाळा पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल, म्हणजे उंच पर्वतांवरचं युद्ध शिकवणारी लष्कराची शाळा झाली. मग साठच्या दशकात सरकारनं स्कीइंगसाठी योग्य जागा शोधायला ऑस्ट्रियाच्या रुडॉल्फ मॅट यांना बोलावलं, त्यांनी गुलमर्गवर बोट ठेवलं, आणि १९६८ च्या सुमारास तिथे प्रशिक्षक तयार करणारी संस्था उभी राहिली. माझ्या मते खरी कलाटणी ही. शिकवणारे तिथलेच झाले की खेळ पाहुण्यांच्या सामानाबरोबर परत जात नाही.

वीस वर्षांत गुलमर्गचे गुल मुस्तफा देव कॅलगरीच्या १९८८ च्या ऑलिम्पिकमध्ये उतरले. त्याच ऑलिम्पिकमध्ये शैलजा कुमार हिवाळी ऑलिम्पिक खेळणारी पहिली भारतीय महिला ठरली. नव्वदच्या दशकात पर्यटक फिरकेनात, गोंडोलाचं काम रखडलं. पहिला टप्पा सुरू व्हायला १९९८ उजाडलं. त्याच काळात गुलमर्गच्या पायथ्याशी, टंगमर्गच्या बाजूला वाढणाऱ्या आरिफ खानला त्याच्या वडिलांनी, मोहम्मद यासीन खान यांनी, चौथ्या वर्षी स्कीवर उभं केलं. त्यांचं गुलमर्गला स्कीचं दुकान. पैशांअभावी २०१८ चं ऑलिम्पिक हुकलेला हाच आरिफ २०२२ मध्ये बीजिंगला गेला. भारताच्या पथकात तो एकटा खेळाडू होता आणि जायंट स्लॅलममध्ये (झेंड्यांमधून वळणं घेत उतरण्याच्या शर्यतीत) पंचेचाळिसावा आला. पंचेचाळीस ऐकून आपल्याकडे लोक ओठ मुरडतात. त्यांनी एकदा त्या उतारावर यावं, नंबर द्यायला उस्ताद आहेतच.

(मनालीकडे सोलंगच्या उतारांचीही अशीच कथा आहे. तिथल्या आंचल ठाकूरनं २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्य जिंकलं. तो मजकूर वेगळ्या पत्राचा.)

मागणं मोठं नाही. गोंडोलाच्या तिकीटखिडकीपाशी आमच्यासारखे पर्यटक तासन् तास रांगेत ताटकळतात. तिथे या माणसांची नावं, वर्षं आणि जमले तर फोटो लावा. रांगेत दुसरं वाचायला काही नसतंच.

दुसरं मागणं खर्चाचं आहे. २०२४ चा जानेवारी तिथे कोरडा गेला. २०२५ मध्ये बर्फ नाही म्हणून गुलमर्गच्या स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये न्याव्या लागल्या. स्पर्धेला नवी तारीख मिळाली. पण रोजावर शिकवणाऱ्याचे ते दिवस बुडाले ते बुडालेच. खासगी शिकवणाऱ्या अशा हंगामी प्रशिक्षकांची नोंदणी करा, त्यांना अपघात विमा द्या, बर्फ न पडलेल्या दिवसांसाठी किमान मानधन ठरवा. उस्तादांचा उजवा गुडघा जिना उतरताना वाजतो, तो मी ऐकलेला आहे. आणि द्रोणाचार्य पुरस्काराच्या यादीकडे पाहताना कुणीतरी गुलमर्गच्या दिशेनंही पाहावं.

हा विषय पर्यटन खात्याचा, तो केंद्रशासित प्रशासनाचा, असं उत्तर येईल याची कल्पना आहे. स्पर्धा तुमच्या खात्याच्या आहेत, म्हणून पत्र तुम्हाला.

आपली,
सतरा वेळा पडलेली एक विद्यार्थिनी, पुणे

ता. क. : फलक लावलाच तर उर्दूतही लावा. आमचे उस्ताद हिंदी फर्डी बोलतात, पण देवनागरी त्यांना वाचता येत नाही.