परवान्याची तारीख आणि पंचवीस मीटरवरची पाटी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२०२५ च्या एप्रिल महिन्यात एका रात्री शीवच्या पुढे नाकाबंदीत माझी गाडी थांबवण्यात आली. हवालदाराने परवाना मागितला, टॉर्चच्या उजेडात कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि सौम्य आवाजात विचारले, "ताई, ही तारीख बघितली होती का?" कार्डावर जुलै २०२४ ही मुदत छापलेली होती. याचा अर्थ असा, की नऊ महिने मी वैध परवान्याविना मुंबईच्या रस्त्यांवर गाडी चालवत होते आणि मला त्याची पुसटशीही कल्पना नव्हती. शेजारच्या आसनावर माझे पती होते. त्यांना आठवड्यातून दोनदा संध्याकाळच्या पाळीत डायलिसिस करावे लागते आणि रुग्णालयातून घरी यायला रात्रीचे साडेनऊ-दहा वाजतात. मुलगा टॅक्सीने तिथे पोहोचला आणि त्याने गाडी घरी आणली. दंड भरला, त्याविषयी माझी काहीही तक्रार नाही, कारण चूक माझी होती. मात्र त्यानंतरच्या काही महिन्यांत परवान्याच्या नूतनीकरणाचा जो अनुभव आला, तो माझ्यासारख्या अनेकांशी संबंधित असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

मी १९९० साली परवाना काढला तेव्हा हाताने भरलेली, फोटो चिकटवून शिक्का मारलेली पुस्तिका मिळत असे आणि तरुण वयात घेतलेल्या परवान्याला वीस वर्षांपर्यंत पाहावे लागत नसे. त्या सवयीमुळे आमच्या पिढीच्या मनात परवाना ही एकदाच काढून कपाटात ठेवायची वस्तू बनली. मोटार वाहन कायदा १९८८ चा असला तरी २०१९ च्या दुरुस्तीने मुदतीचा हिशेब बराच बदलला आहे. आता तिशीच्या आत घेतलेला खासगी वाहनाचा परवाना वयाची चाळीस वर्षे पूर्ण होईपर्यंत चालतो. तीस ते पन्नास या वयात घेतला किंवा नूतन केला तर दहा वर्षे. पन्नास ते पंचावन्न या वयात साठ वर्षे पूर्ण होईपर्यंत. आणि पंचावन्ननंतर दर वेळी फक्त पाच वर्षे. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवस परवाना ग्राह्य धरला जाई, ती सवलत याच दुरुस्तीने काढून टाकली. पूर्वी पाच वर्षांपर्यंत उशीर झाला तरी वाहन चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागत नसे; आता मुदतीनंतर एक वर्ष उलटले की ती द्यावी लागते. उलट मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो, ही सोयीची तरतूदही याच दुरुस्तीतली आहे आणि तीही फारशी कोणाला माहीत नाही.

मी एका वर्षाच्या आत जागी झाले, म्हणून चाचणीतून वाचले. आमच्या इमारतीतील एका निवृत्त गृहस्थांना त्यांची मुदत संपल्याचे चौदा महिन्यांनी कळले आणि अडुसष्टाव्या वर्षी, नातवाच्या वयाच्या मुलामुलींच्या रांगेत उभे राहून त्यांना चाचणी द्यावी लागली. चाचणी ते उत्तीर्ण झाले, परंतु त्या चौदा महिन्यांत त्यांच्या हातून एखादा अपघात झाला असता तर काय, हा विचार त्यांना अजून अस्वस्थ करतो. वैध परवान्याविना वाहन चालवणे हा कलम १८१ खाली पाच हजार रुपये दंडाचा किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदेचा, किंवा दोन्हींचा, गुन्हा आहे. विमा कंपनी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. आणि अपघातग्रस्ताला दिलेली भरपाई नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालयांनी विमा कंपन्यांना अनेकदा दिलेली आहे. उशिरा केलेले नूतनीकरण केल्या दिवसापासूनच लागू होते. मधले दिवस कागदोपत्री उघडेच राहतात.

यावर कोणी म्हणेल की कार्डावरची तारीख वाचणे हे नागरिकाचे काम आहे. ते मला मान्य आहे. पण त्याच गाडीच्या विम्याची मुदत संपायला महिना असताना विमा कंपनीचे चार संदेश आणि दोन फोन येतात. वाहतूक पोलिसांचे ई-चलन छायाचित्रासह मोबाइलवर येऊन पडते. एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बसवण्यासाठी राज्य शासनाने जाहिराती दिल्या आणि मुदतही पुन्हापुन्हा वाढवली. गाडीच्या पाटीसाठी जे होऊ शकते, ते गाडी चालवणाऱ्या माणसाच्या परवान्यासाठी का होऊ नये? परिवहन विभागाच्या 'सारथी' प्रणालीत परवानाधारकाची जन्मतारीख आणि परवान्याच्या मुदतीची तारीख नोंदलेली असते. ज्याने गेल्या काही वर्षांत कोणतेही काम ऑनलाइन केले आहे, त्याचा मोबाइल क्रमांकही असतो, कारण ओटीपीशिवाय तिथे पुढचे पान उघडत नाही. एक वर्ष आधी, तीन महिने आधी आणि मुदत संपल्याच्या दिवशी असे तीन संदेश मराठीतून पाठवणे अवघड नसावे. ज्यांचे मोबाइल क्रमांक बदलले आहेत, किंवा ज्यांच्या जुन्या पुस्तिकांची नोंद अजून संगणकावर चढलेलीच नाही, त्यांच्यापर्यंत हे संदेश पोहोचणार नाहीत, हे मी जाणते. त्यांच्यासाठी वर्तमानपत्रे, आकाशवाणी आणि गृहनिर्माण संस्थांचे सूचना फलक आहेत.

टॅक्सी, रिक्षा आणि टेम्पो चालवणाऱ्यांसाठी तर हा पोटाचा प्रश्न आहे. त्यांच्या व्यावसायिक परवान्याची मुदत वय काहीही असले तरी पाचच वर्षांची असते आणि प्रत्येक नूतनीकरणाला वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. गणपतीत गावी गेलेला चालक परत येऊन पाहतो तर तारीख उलटलेली, आणि नवे कार्ड हाती येईपर्यंत रोजची कमाई बंद. अशा वेळी कार्यालयाबाहेरचा एजंट सांगेल ती रक्कम तो देतो. केंद्रीय नियमांप्रमाणे नूतनीकरणाचे मूळ शुल्क दोनशे रुपये आहे. एजंटच्या हाती किती जातात, हे त्या रांगेत उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता ज्या गोष्टीने मला खऱ्या अर्थाने हादरवले, तिच्याकडे येते.

चाळिशी उलटलेल्या अर्जदाराला नूतनीकरणासाठी नमुना १-अ या वैद्यकीय प्रमाणपत्राची गरज असते. मी एका दवाखान्यात गेले. बाहेर आठ-दहा माणसे याच कामासाठी बसली होती. आत गेल्यावर डॉक्टरांनी वय विचारले, रक्तगट विचारला, "चष्मा आहे ना?" असे विचारून माझ्या होकाराची वाटही न पाहता पुढचा रकाना भरला आणि पाच मिनिटांत मी बाहेर आले. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे एकदाही पाहिले नाही. त्या वेळी काम लवकर झाल्याचा मला आनंदच झाला होता, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. आधार क्रमांकाच्या आधारे बाकीची प्रक्रिया घरबसल्या झाली, परिवहन कार्यालयाची पायरीही चढावी लागली नाही आणि काही दिवसांनी टपालाने नवे कार्ड आले. मुदत पाच वर्षे, म्हणजे २०३० पर्यंत.

ऑगस्टमध्ये एका पावसाळी रात्री पूर्व द्रुतगती मार्गावर समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती मला मोठे वलय दिसू लागले. काचेवरचे पाणी पुसले तरी ते जाईना. विक्रोळीजवळ रस्त्याच्या कडेने सायकल ढकलत चाललेला एक माणूस मला दिसला तो अगदी बाजूला आल्यावर. त्याला धक्का लागला नाही. घरी पोहोचल्यावर बराच वेळ मी गाडीतच बसून होते. दुसऱ्या आठवड्यात नेत्रतज्ज्ञांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे सांगितले आणि तो काही दोन-तीन महिन्यांत वाढलेला नाही, हेही सांगितले. म्हणजे ज्या दिवशी माझी नजर वाहन चालवण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र दिले गेले, त्या दिवशीही तो होताच.

त्यानंतर मी नमुना १-अ प्रथमच नीट वाचला. त्यात डॉक्टरांना स्पष्ट प्रश्न विचारलेले आहेत: दृष्टीत दोष आहे काय आणि तो चष्म्याने दूर झाला आहे काय, अर्जदाराला तीव्र किंवा संपूर्ण रंगांधळेपणा आहे काय, चांगल्या उजेडात पंचवीस मीटर अंतरावरून मोटारीची क्रमांकपाटी त्याला ओळखता येते काय, त्याला रातांधळेपणा आहे काय. पंचवीस मीटर म्हणजे बेस्टच्या दोन मोठ्या बस एकामागे एक उभ्या केल्यावर होईल तेवढे अंतर. ज्या खोलीत मला प्रमाणपत्र मिळाले, तिची लांबी चार पावले होती. शस्त्रक्रियेपूर्वी एका सकाळी मुलाने सोसायटीच्या आवारात मोजपट्टीने पंचवीस मीटर मोजून खडूची रेघ मारली आणि मी चष्मा लावून त्या रेघेवर उभी राहिले. समोर आमचीच गाडी होती. तिचा क्रमांक मला पाठ आहे, म्हणून मुलाने मला शेजारच्या गाडीची पाटी वाचायला सांगितली. अक्षरे जमली. चार अंकांपैकी एक अंक मी तीन म्हटला, तो आठ होता; आणि शेवटचा अंक मला सांगताच आला नाही. ही तपासणी करायला आम्हाला मोजपट्टी, खडू आणि पाच मिनिटे एवढेच लागले.

खासगी मोटार पंधरा वर्षांची झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती प्रत्यक्ष परिवहन कार्यालयात न्यावी लागते आणि मोटार वाहन निरीक्षक तिचा चेसिस क्रमांक स्वतः पडताळून पाहतो. साठीच्या चालकाला मात्र कोणीच पाहत नाही. सेवा घरबसल्या झाल्या हे चांगलेच झाले, कारण खेटे वाचले आणि काही प्रमाणात एजंटही दूर झाले. परंतु कार्यालयाने अर्जदाराला पाहणे थांबवल्यावर डॉक्टरांचा तो एक कागद हीच शासनाची एकमेव नजर उरली आहे. त्या कागदाची आता पूर्वीपेक्षा जास्त काळजी घेतली गेली पाहिजे आणि प्रत्यक्षात ती घेतली जात नाही.

माझी मागणी ज्येष्ठांचे परवाने काढून घ्यावेत अशी मुळीच नाही. माझ्या पतींना रात्री घरी आणण्यासाठी मला हा परवाना हवा आहे, आणि मुंबईत माझ्यासारख्या कितीतरी स्त्रिया आहेत ज्यांचे बाहेरचे सारे व्यवहार स्वतःच्या गाडीवर किंवा स्कूटरवर अवलंबून आहेत. मोतीबिंदू हा बहुतेक वेळा बरा होणारा दोष आहे. तो वेळेवर सापडावा एवढेच हवे. पंचावन्न वर्षांवरील अर्जदारांच्या प्रमाणपत्रात नुसते 'योग्य' असे न लिहिता प्रत्येक डोळ्याच्या दृष्टीचे माप लिहिणे बंधनकारक करावे आणि ही तपासणी नेत्रविभागात करून घेण्याची सोय ठेवावी. केईएम, नायर, शीव, कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत आणि शासनाच्या जे. जे. रुग्णालयात नेत्रविभाग आहेत. आठवड्यातला एक ठरावीक दिवस परवान्याच्या तपासणीसाठी राखून ठेवता येईल. यामुळे रुग्णालयांवरचा भार वाढेल, ही हरकत मला मान्य आहे, म्हणून खासगी नेत्रतज्ज्ञांचे प्रमाणपत्रही ग्राह्य धरावे. नवा कागद आला की नवा दलाल येतो, ही भीतीही खरी आहे. मापाचे आकडे थेट तपासणाऱ्याने सारथीवर नोंदवले आणि अधूनमधून काही अर्जदारांना फेरतपासणीसाठी बोलावले, तर त्याला बराच आळा बसेल.

दरम्यान ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांना एवढेच सांगेन, की आजच कार्ड काढून मुदतीची तारीख पाहावी. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या ॲपमधील परवाना तपासणीच्या वेळी ग्राह्य असतो, म्हणून अनेकांचे मूळ कार्ड वर्षानुवर्षे पाकिटाबाहेर येत नाही. पण मूळ परवान्याची मुदत संपली की मोबाइलमधला परवानाही तेव्हाच संपतो. घरातील वडीलधाऱ्यांच्या कार्डावरची तारीख मुलांनी पाहावी, आणि जमल्यास त्यांना पंचवीस मीटरवर उभे करून एक पाटी वाचायला सांगावी.

माझ्या दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतरच मी पुन्हा गाडी चालवू लागले आहे. मुदत संपण्यापूर्वी परवानाधारकाला संदेश पाठवण्याची काही योजना आहे का, आणि सारथीवर येणाऱ्या वैद्यकीय प्रमाणपत्रांची पडताळणी कोण व कशी करते, या दोन प्रश्नांची उत्तरे राज्याच्या परिवहन विभागाने आपल्या वृत्तपत्रातून द्यावीत, अशी माझी विनंती आहे.

आपली,
एक जुनी वाचक, मुंबई