सरपंचाला कलम ३९, आमदाराला काय?

प्रति,
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र विधानसभा

महोदय, सादर नमस्कार.

मी वऱ्हाडातल्या एका गावची माजी सरपंच. माझ्या काळात नालीच्या बांधकामाबद्दल गावातल्याच एकाने जिल्हा परिषदेत तक्रार केली होती. विस्तार अधिकारी आले, टेप लावून नाली मोजली, मोजमाप पुस्तिकेशी ताडून पाहिली, माझा जबाब लिहून घेतला. काम बरोबर निघालं आणि प्रकरण मिटलं. पण त्या निमित्ताने ग्रामपंचायत कायद्याचं कलम ३९ मला पाठ झालं. कर्तव्यात गैरवर्तन, लाजिरवाणं वर्तन, कामात हयगय, यांतलं काहीही चौकशीत सिद्ध झालं तर विभागीय आयुक्त सरपंचाला पदावरून काढू शकतात. त्यासाठी कोर्टाची शिक्षा लागत नाही. सासऱ्याने सरकारी जागेवर केलेल्या अतिक्रमणात राहते म्हणून सून ग्रामपंचायत सदस्य राहू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं. हे कडक आहे, पण मला मान्य आहे. गावचा पैसा आणि गावची इज्जत ज्याच्या हाती, त्याला धाक हवाच.

मग आमदारांना काय आहे, हे विचारायला मी लिहिते आहे.

अतिवृष्टीत आमच्या तालुक्यात सोयाबीन उभ्या वावरात सडली, कपाशीची बोंडं काळी पडली. पंचनामे रखडले. आमचे आमदार पाहणीला आले आणि शे-दोनशे लोकांसमोर त्यांनी तलाठ्याला थापड मारली. व्हिडिओ रातोरात सगळीकडे फिरला. माझ्या शेजारी उभा असलेला एक जण म्हणाला, "बरं झालं, कोनी तं ठेवून देल्ली!" त्याचा राग मला कळतो. त्याचं चार एकर गेलं होतं. पण दुसऱ्या दिवसापासून तालुक्यातल्या तलाठ्यांनी लेखणीबंद केलं आणि उरलेले पंचनामेही थांबले. त्या थापडेची किंमत त्याच चार एकरवाल्याने मोजली. तलाठ्याने पोलिसांत तक्रार दिली होती. मग बैठका झाल्या, मध्यस्थ आले, समजोता झाला, तक्रार ढिली पडली. तो मुलगा बदली मागून निघून गेला.

तलाठी चुकला असेल तर आमदारांच्या हाती काय कमी होतं? पंचायत समितीच्या आमसभेचे अध्यक्ष तेच असतात. आमच्याकडे ती कित्येक वर्षं भरलेली नाही. नागपूर कराराने १९५३ साली विदर्भाला दरवर्षी एका अधिवेशनाचा शब्द दिला, तो याचसाठी की आमचे प्रश्न तिथे मांडले जावेत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, सभागृहात सरकारला जाब विचारायची ही सगळी हत्यारं आमदारांची. ती वापरली असती तर तहसीलदारापासून सचिवापर्यंत उत्तर द्यावं लागलं असतं.

आता उलट बाजू पाहा. अधिकाऱ्याने आमदाराचा मान राखला नाही तर हक्कभंग येतो, म्हणजे सभागृहच त्याला जाब विचारतं. आमदार-खासदार आले की अधिकाऱ्याने जागेवरून उठून त्यांचं स्वागत करावं, असा शासन निर्णय नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाला. जुलै २०२५ मध्ये विधान भवनाच्या लॉबीत दोन आमदारांचे कार्यकर्ते एकमेकांना भिडले, तर दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांच्या आसनावरून निवेदन झालं. आमदारांच्या वागणुकीची चौकशी करणाऱ्या नीतिमूल्य समितीची भाषाही तेव्हा झाली. सभागृहाची प्रतिष्ठा लॉबीत मोडते तशीच ती आमच्या धुऱ्यावरही मोडते, महोदय. ती थापड मारणारा माणूस 'आमदार' म्हणूनच तिथे आला होता.

कायदा आपलं काम करेल, असं सांगितलं जातं. लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे बहुतेक गुन्ह्यांत दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तरच आमदारकी जाते. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा घोटाळा २००२ चा. सावनेरच्या आमदारांना त्यात पाच वर्षांची शिक्षा झाली डिसेंबर २०२३ मध्ये, आणि तेव्हा कुठे त्यांचं सदस्यत्व गेलं. मधल्या एकवीस वर्षांत ते निवडून येत राहिले, मंत्रीही झाले. बँकेत पैसे अडकलेल्या शेतकऱ्याला एवढी वर्षं थांबा म्हणणं हा न्याय नाही. आणि सभागृहाने कोर्टासाठी थांबलंच पाहिजे, असंही नाही. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल लोकसभेने डिसेंबर २००५ मध्ये आपल्या दहा सदस्यांना घरी पाठवलं. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार मान्य केला.

मात्र शिक्षा द्यायची तर आमदाराला द्या, मतदारसंघाला नको. जुलै २०२१ मध्ये आपल्या सभागृहाने बारा आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये ते रद्द केलं. निलंबन त्या अधिवेशनापुरतंच असू शकतं, कारण पुढे तिथले लोक प्रतिनिधीविना राहतात आणि पोटनिवडणूकही होत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. आम्हाला ते पटतं. आमदार वर्षभर बाहेर बसला तर आमच्या कापसाचं कोण बोलणार? सदस्याला सभागृहात उभं करून ताशेरे ओढा. समित्यांवरून काढा. अधिवेशनापुरतं निलंबित करा, त्या काळातले भत्ते थांबवा. गुन्हा पैसे खाण्याचा असेल तर थेट हकालपट्टी करा, म्हणजे आम्हाला निदान पोटनिवडणूक तरी मिळेल.

राज्यसभेत नीतिमत्ता समिती १९९७ पासून आहे, लोकसभेत २००० पासून. लोकसभेच्या समितीकडे साधा नागरिकही तक्रार करू शकतो, पण ती कुठल्या तरी खासदारामार्फत जावी लागते. आपल्या विधानसभेतही अशी समिती हवी, पण तिला ही अट नको. आमच्या भागात एका आमदाराविरुद्धचा कागद दुसरा आमदार हाती घेत नाही, मग तो विरोधी पक्षाचा का असेना. मतदाराने शपथपत्रावर तक्रार करावी, खोटी निघाली तर त्याला शिक्षा व्हावी, पण दार थेट उघडं असावं. समितीने चौकशीसाठी तालुक्याला यावं. मार खाल्लेला तलाठी, ग्रामसेवक किंवा कनिष्ठ अभियंता मुंबईला येऊन आमदारासमोर बोलेल, ही अपेक्षा धरू नये. आणि तक्रारदाराने माघार घेतली म्हणून चौकशी बंद होऊ नये. माघार कशी घेतली जाते, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

नियमांत ही दुरुस्ती येत्या नागपूर अधिवेशनात व्हावी, अशी माझी मागणी आहे. त्या दिवशी मी तिथे होते आणि साक्ष द्यायला तयार आहे. शपथपत्र करून ठेवलं आहे. ते आपल्या सचिवालयात कोणाकडे द्यायचं, एवढं कृपया लेखी कळवावं.

आपली,
एक माजी सरपंच